खिडकीबाहेरचा कप

१

वही नाहीशी झाली सोमवारी दुपारी. मी पोचलो बुधवारी सकाळी, आणि तोवर त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सगळं माहीत झालेलं होतं. चोर कोण, चोरी कशासाठी, शिक्षा काय, सगळं ठरलं होतं. फक्त माझी सही राहिली होती.

माझं काम खात्यातल्या चौकशांचं. मुख्य कचेरी पाठवते, मी जातो, चार माणसांना प्रश्न विचारतो, अहवाल लिहितो. एकतीस वर्षं हेच केलं, आता निवृत्तीला आठ महिने उरलेत. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. लोक खोटं बोलतात याचा नाही, एकच खोटं सगळीकडे बोलतात याचा.

बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच चहा आला. मी बॅगेतून माझा स्टीलचा पेला काढला आणि म्हटलं, "यात ओता." ही माझी जुनी सवय. जिथे जाईन तिथे माझा पेला माझ्याबरोबर असतो.

समोर बसलेल्या हेडक्लार्कचा चेहरा उजळला. साठीला टेकलेला, कपाळाला कायमच्या आठ्या पडलेला माणूस. स्वतःचा थर्मास, स्वतःचं भांडं, बसायला स्वतःचं वेगळं स्टूल.

"असं पाहिजे साहेब!" तो म्हणाला. "हल्ली पाळतं कोण? तुम्ही मूळचे कुठले म्हणायचे?"

"बदलीची नोकरी. मूळ काही उरलं नाही," मी म्हटलं. हेही उत्तर जुनंच आहे.

प्रयोगशाळेचे प्रमुख, सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत, गोरेगोमटे आणि घाबरट होते. घाम नसतानाही रुमालाने मान पुसायचे. त्यांनी हकिगत सांगितली. ही पाणी तपासणारी प्रयोगशाळा. शहरातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी बाटल्यांतून इथे येतं, इथे तपासतात, आणि 'पिण्यास योग्य' असा दाखला जातो. सोमवारी पाणीपुरवठा मंडळाचा फोन आला की खालच्या वस्तीच्या टाकीची नोंदवही ताबडतोब पाठवा, तिथे पोरं आजारी पडताहेत. फोन जेवणाच्या जरा आधी आला, साहेबांनी ते जेवायला बसताना सगळ्यांना सांगितलं; दोन वाजता ते वही आणायला गेले, तर वही गायब.

"आणि त्या जागेवर तिचा कप," साहेब म्हणाले.

"तिचा म्हणजे?"

"नवीचा."

नवी म्हणजे इथली तंत्रज्ञ मुलगी. नोकरीला लागून तीन वर्षं होत आली तरी नाव नवीच. पुढच्या महिन्यात ती कायम व्हायची होती. आता साहेबांच्या टेबलावर तिला काढून टाकल्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. कारण लिहिलं होतं: स्वतःच्या चुकीच्या नोंदी लपवण्यासाठी सरकारी दप्तर नाहीसं केलं. हे पत्र लागू झालं की कुठल्याही प्रयोगशाळेचं दार तिच्यासाठी उघडणार नव्हतं.

"कप कुठे आहे?"

"तिथेच. टेबलावर."

"दोन दिवस? पुरावा म्हणून हलवला नाही?"

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने छताकडे पाहिलं.

"पुरावा म्हणून... हो," साहेब म्हणाले. "आणि तसाही, कोण हलवणार?"

२

वही ठेवायची ती वजनकाट्याची खोली म्हणजे एक कोंदट कपाटच होतं. तिथला काटा इतका नाजूक की जवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो. दारावर ठळक पाटी होती, आत खाणंपिणं बंद. किल्ली बाहेर भिंतीवर खिळ्याला, कुणीही घ्यावी अशी.

टेबलावर तो कप होता. पांढरा, इनॅमलचा, निळ्या काठाचा, दोन ठिकाणी टवका उडालेला. तळाला घोटभर चहा वाळून गेला होता. मी वाकून पाहिलं. कान होता त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला काठावर दोन करडे ओरखडे होते, एक आतून, एक बाहेरून. कप जुना होता, ओरखडे मात्र ताजे होते. मी कानाला धरून कप उचलला आणि बरोबर घेतला. दारात उभ्या असलेल्या साहेबांनी मला वाट देताना जरा जास्तच अंग चोरलं.

चहाची खोली मागच्या बाजूला होती. तिथल्या मावशी ठेंगण्या, बडबड्या. आत फळीवर फुलाफुलांचे सहा सारखे कप टांगलेले. आणि खिडकीच्या बाहेर, गजांपलीकडे, दगडी कठड्यावर एक रिकामी गोल जागा. तिथली धूळ कपाच्या तोंडाएवढी पुसलेली होती.

"हा इथे असतो?" मी कप दाखवून विचारलं.

"इथंच असतो."

"बाहेर का?"

मावशींनी किटली उगीच पुसली. मग म्हणाल्या, "आधीपासून तिथंच आहे."

"नवी यायच्या आधीपासून?"

"अहो, तो तिचा नाहीच. गटार साफ करायला एक म्हातारबाबा यायचे त्यांचा तो. ते निवृत्त झाले, कप राहिला. ही आली तेव्हा पहिल्या दिवशी क्लार्कसाहेबांनी हिच्या कागदांवर जात वाचली आणि म्हणाले, कप आहेच की."

पदवी घेऊन आलेली मुलगी. पांढरा कोट घालून आलेली. तिच्यासाठी नेमणूकपत्राच्या आधी हा कप तयार होता. अशा वेळी मी कधीच काही बोलत नाही.

"चहा तुम्हीच देता ना तिला?"

"वरून ओतते. कपाला हात लावत नाही. ती धुते, ती ठेवते." आणि मग एकदम, "मला कुणी सांगितलं नाही हो तसं कर म्हणून! पण मी हात लावला आणि मग तोच हात ह्या कपांना लावला, तर सगळे चहा बंद करतील. माझी भाकरी ह्या किटलीवर आहे."

"सोमवारी तिने चहा कधी घेतला?"

"अकराला. धुऊन पालथा घातला तिथं. मला ओट्यावरून दिसतं ना. एक वाजता सगळे जेवायला बसले तेव्हाही पालथाच होता."

"मग दोन वाजता तो वजनकाट्याच्या खोलीत, चहासकट, कसा?"

"ते मला काय ठाऊक? जेवणाच्या वेळी मी चहा करतच नाही. किटलीत अकराचा उरलेला होता थोडा, गार." मावशींनी पदराने हात पुसले. "मला कुणी विचारलंच नाही की."

म्हणजे कुणीतरी तो पालथा कप उचलून, त्यात गार चहा ओतून नेऊन ठेवला होता. पण जेवणाच्या त्या तासात प्रत्येक जण पाच-दहा मिनिटं उठला होता. साहेब फोनला, हेडक्लार्क भांडं विसळायला, आणि तिथल्या मुख्य केमिस्टबाई लेकीशी बोलायला. नवी त्यांच्यात नव्हतीच.

"ती कुठे जेवते?"

"मागच्या पायरीवर," मावशी म्हणाल्या. "एकटीच. म्हणून तर तिची साक्ष द्यायला कुणी नाही."

३

नवी आली ती दारातच उभी राहिली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशात तीन पेनं.

"बसा तुम्ही," मी म्हटलं.

तिने मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाला म्हणतोय का ते. इथे सगळे तिला अगं-तुगं करायचे. मग तिची नजर टेबलावर माझ्या पेल्याकडे गेली, आणि ती आणखी पाऊलभर मागे सरकली.

"उभीच बरी आहे, सर."

मी आग्रह केला नाही. तिने सांगितलं ते असं. ती खालच्या वस्तीतच राहते. तीन महिन्यांपूर्वी तिच्या भावाची मुलगी जुलाबाने आजारी पडली, आठ दिवस दवाखान्यात होती. मग शेजारची दोन पोरं. टाकीचा दाखला मात्र दर आठवड्याला 'पिण्यास योग्य'. तेव्हा नवीने कामाच्या आधी यायला सुरुवात केली. घरून येताना टाकीचं पाणी आणायचं, तपासायचं, आकडे वहीत लिहायचे.

"आणि आकडे?"

"ते पाणी गुरांनाही पाजू नये, सर."

"दाखल्यावर सही कुणाची?"

"बाईंची. केमिस्टबाईंची. पण त्यांनी तपासलं असेल तेव्हा ठीक असेलही. मी कशी म्हणू? त्यांनीच मला सगळं शिकवलंय."

हे ती मनापासून म्हणत होती. याचं मला जास्त वाईट वाटलं.

"सोमवारी दुपारी काय झालं?"

"एकला दहा कमी असताना मी शेवटची नोंद केली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली, पायरीवर जेवायला गेले. दोनला आत आले तर सगळे जमलेले. क्लार्कसाहेब म्हणाले, हिला काढा आधी. मोठे साहेब म्हणाले, घरी जा. मी गेले नाही, सर. चारला ऑटोक्लेव्ह लावायचा होता. रडायलाही वेळ नव्हता."

ऑटोक्लेव्ह म्हणजे बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र. एक भला मोठा कुकरच, त्यात कडक वाफेवर बाटल्या तापवतात.

"आणि त्यात पण कुणीतरी घोळ घालून ठेवला होता," ती कामाच्या तक्रारीच्या सुरात म्हणाली. "झाकण उघडलं तर आत चिमटा. मूस, म्हणजे भट्टीत तापवायची छोटी वाटी, ती धरायचा लांब चिमटा, एकटाच पडलेला. कुणाला एवढी अक्कल नाही? तो चिमटा सहाशे डिग्रीच्या भट्टीत जातो. जगात त्याच्याइतकं निर्जंतुक काही नाही. त्याला वाफ कशाला द्यायची?"

मी लिहीत होतो तो थांबलो.

"तो चिमटा आता कुठे आहे?"

"भट्टीजवळ, त्याच्या खिळ्यावर. मीच लावला."

"मला दाखवता? आणि यंत्रही."

आम्ही आत गेलो. वाटेत मोठा फ्रीज होता. तिने तो उघडून दाखवला, मी विचारलं म्हणून. वरच्या चार फळ्यांवर शहरातल्या टाक्यांच्या बाटल्या, झाकणं उघडून परत लावलेली, तपासल्याच्या खुणा केलेल्या. तळाच्या फळीवर दाटीवाटीने बाटल्या होत्या, त्यांना कुणी शिवलेलं दिसत नव्हतं.

"ही खालची वस्ती. ह्या बाटल्या आमच्या वस्तीतलीच माणसं भरून आणतात," नवी म्हणाली. "ही फळी बाईंची. तिला हात लावायचा नाही असं मला सांगितलंय."

मी गुडघे टेकून एक बाटली उचलली, मग दुसरी, मग दहावी. तारखा तीन महिन्यांच्या होत्या. प्रत्येक बाटलीच्या मानेवर लाखेचं लाल सील होतं, आणि एकही सील तुटलेलं नव्हतं.

४

चिमट्याची टोकं करडी पडली होती. मी कप त्यात धरून पाहिला. आतला ओरखडा आतल्या टोकाखाली, बाहेरचा बाहेरच्या टोकाखाली, अगदी बरोबर बसला. कानाच्या समोरून काठाला धरलं म्हणजे कप झुकू न देता हातभर लांब धरून नेता येतो.

यंत्राला एक कागदाची गुंडाळी होती. यंत्र सुरू झालं की आपोआप वेळ आणि तापमान छापतं. वेळापत्रकाप्रमाणे सकाळी नऊ आणि दुपारी चार. हाताने लिहायच्या रजिस्टरात सोमवारी त्या दोनच नोंदी होत्या. गुंडाळीवर मात्र तीन होत्या. मधली एक वाजून अडतीस मिनिटांची.

मी तेवढी पट्टी फाडून खिशात घातली. नवीने पाहिलं, पण विचारलं नाही.

मग केमिस्टबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, पिकल्या केसांना रंग न लावणाऱ्या, बोलायला सरळ. खोलीत पुस्तकं, भिंतीवर कुठल्या कुठल्या शाळांतल्या व्याख्यानांचे फोटो. विज्ञाननिष्ठा, अंधश्रद्धा, समता. मला त्या आवडल्या, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या इमारतीत मला माझं मूळ न विचारणारं माणूस त्या एकट्याच होत्या.

"त्या मुलीबद्दल वाईट वाटतं हो," त्या म्हणाल्या. "हुशार आहे. पण घाई करते. चुकीचे आकडे लिहिले असतील आणि घाबरली."

"तिचा कप खिडकीबाहेर असतो, ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"क्लार्कचा मूर्खपणा! माझा जातपातीवर काडीचा विश्वास नाही. तिच्या हातचं काम मी रोज घेते की."

"मग तिला आतला कप का नाही दिला?"

बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. "तिलाच सवय झाली असावी. आणि सगळ्यांचे कप वेगळे असणं तसं बरंच. स्वच्छतेच्या दृष्टीने म्हणते मी. तुम्ही नाही का स्वतःचा पेला बाळगत?"

पेल्याची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती. याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते द्यायची सवय नव्हती.

"चारला साहेबांच्या खोलीत या," मी म्हटलं. "सगळेच या. मी सही करतोय."

५

चारला सगळे जमले. साहेबांनी पत्र आणि पेन माझ्यासमोर सरकवलं. हेडक्लार्क स्वतःचं स्टूल घेऊन आला होता. मावशी दाराशी, नवी दाराच्या बाहेर. मी तिला आत बोलावलं. कप मी आधीच टेबलाच्या त्या टोकाला, बाईंच्या समोर ठेवला होता.

"बाई, तो कप जरा इकडे देता?"

हेडक्लार्कने स्टूल मागे ओढलं. बाई शिकलेल्या होत्या, चारचौघांत होत्या. त्यांनी दोन बोटांनी कानाला धरून कप उचलला आणि मला दिला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"आभारी आहे," मी म्हटलं आणि बोलत राहिलो.

"वही ज्याने नेली त्याने हा कप तिथे ठेवला. मावशींनी कप एक वाजता खिडकीबाहेर पालथा पाहिलाय. आता मला सांगा, नवीने वही नेली असती तर स्वतःचा कप खूण म्हणून ठेवून गेली असती का? बरं, घाईत विसरली म्हणा. पण मग तिने तो कप कसा धरून नेला असता?"

मी चिमटा टेबलावर ठेवला.

"कप ह्या चिमट्याने नेलाय. काठावर दोन ओरखडे आहेत, बसवून पाहा. गार चहाचा कप चिमट्याने कोण धरतं? ज्याला त्या कपाला हात लावायचा नाही, तो. नवी स्वतःचा कप चिमट्याने कशाला धरेल? आणि हातमोज्यांचा खोका भट्टीच्या शेजारीच आहे. बोटांचे ठसे लपवायचे असते तर मोजा घालून काम भागलं असतं. इथे मोजा पुरला नाही. हातभर अंतर हवं होतं."

"मग हे काय माझ्यावर?" हेडक्लार्क उसळला. "होय, मी शिवत नाही! लपवतो का मी?"

"तुम्ही लपवत नाही, म्हणून तुम्ही नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्रांना तुम्ही हातही लावत नाही. आणि चुकून शिवलात तर घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्याल. ज्याने हे केलं त्याने चिमट्याला आंघोळ घातली." मी खिशातून पट्टी काढली. "सोमवारी एक अडतीसला ऑटोक्लेव्ह चालला. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं. आत एकच वस्तू, हा चिमटा. जो रोज भट्टीत लाल होतो. त्याला निर्जंतुक करायची गरज नाही हे इथल्या नवख्या माणसालाही कळतं. मग करणाऱ्याला काय धुवायचं होतं?"

साहेबांचा रुमाल मानेवर थांबला होता.

"साहेब, हे यंत्र तुम्हाला चालवता येतं?"

"मला? नाही हो. नवं आलं तेव्हापासून मी... नाही."

"मावशींना येत नाही. क्लार्कसाहेबांना येत नाही. येतं फक्त दोघींना. त्यांतल्या एकीला आपल्याच कपाची शिवाशिव नाही."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. कप देऊन दहा मिनिटं झाली होती, आणि तेवढा वेळ त्यांनी तो हात मांडीपासून, साडीपासून, खुर्चीपासून लांब, अधांतरी धरला होता. बोटं फाकलेली. त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं.

"बाई, हात खाली ठेवा," मी म्हटलं. "दुखेल."

त्यांनी हाताकडे पाहिलं. कुणीतरी दुसऱ्याचा हात दाखवावा तसं पाहत राहिल्या.

"फ्रीजच्या तळाच्या फळीवर तीन महिन्यांच्या बाटल्या आहेत, सील न तोडलेल्या," मी म्हटलं. "तुम्ही त्या उघडल्याच नाहीत. त्या घरांतून, त्या हातांनी भरून आलेलं पाणी होतं. न उघडताच दाखले दिले. नवीची वही मंडळाकडे गेली असती तर हे उघडं पडलं असतं."

"मला घाण सहन होत नाही," बाई अगदी हळू म्हणाल्या. "लहानपणापासून. जात नाही हो, घाण. मला खरंच असं वाटायचं..." त्या थांबल्या. मग पर्स उघडून त्यांनी वही काढली आणि टेबलावर ठेवली. "फाडून टाकणार होते. भट्टी पेटलेलीच होती. पण नोंदी फार चांगल्या केल्यात तिने. अशी वही जाळता येत नाही."

"वहीला मात्र हात लावलात," मावशी दाराशी पुटपुटल्या.

वही चालते. तिने केलेलं काम चालतं, त्या कामावर सहीही करता येते. तोंड लागलेलं भांडं तेवढं चालत नाही. हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

नवी पुढे आली नाही. ती बाईंकडे पाहत होती. "माझ्या भाचीला आठ दिवस सलाइन होतं, बाई," एवढंच म्हणाली. "तुम्ही रोज विचारायचात, कशी आहे म्हणून."

६

पत्र मी फाडलं. टाकीचा नळ बंद करा, वस्तीला टँकर पाठवा, असा फोन साहेबांकडून माझ्यासमोर करून घेतला. मग एक रिकामी खोली मागितली आणि अहवाल लिहायला बसलो. अंग मोडून आलं होतं. प्रकरण सुटलं की पूर्वी बरं वाटायचं.

दार वाजलं. नवी किटली घेऊन आली होती. मावशींनी किटली तिच्या हातात दिली होती, हे मी मनात नोंदवलं.

"चहा, सर." ती टेबलापासून दोन हात लांब थांबली. "तुमचा पेला काढा. मी वरून ओतते. शिवणार नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उपकार फेडायला आलेली मुलगी होती ती, आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःच लांब उभी राहिली होती.

"नवी, हा पेला तुम्ही समजता तसा नाही."

"असू दे सर. सवय आहे."

"ऐकून घ्या. माझ्या पहिल्या नोकरीत मलाही एक कप दिला होता. काचेचा, फुटक्या कानाचा, जिन्याखाली ठेवलेला. एक दिवस प्यालो. दुसऱ्या दिवशी बाजारातून हा पेला आणला. मग बदली मागून घेतली, आणि तेव्हापासून कुठेही गेलो तरी आधी पेला काढतो. मला वेगळा कप द्यायची वेळच कुणावर येऊ देत नाही."

किटलीच्या तोटीतून वाफ निघत होती. तिने किटली दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे तुम्ही..."

"हो."

"आणि क्लार्कसाहेबांना वाटलं तुम्ही सोवळ्यातले."

"सगळ्यांना तेच वाटतं."

"आणि तुम्ही वाटू दिलंत," ती म्हणाली. "एकतीस वर्षं."

चौकशीत मी लोकांना असेच प्रश्न विचारतो, साधे, ज्यांना एकच उत्तर असतं. "हो," मी म्हटलं. "वाटू दिलं."

"सकाळी मी तुमच्यासमोर बसलेसुद्धा नाही, सर. ह्या पेल्यामुळे."

मी मान खाली घातली. समोर अहवालाचा शेवटचा कागद होता, जप्त केलेल्या वस्तूंची यादी. इनॅमलचा कप, एक. चिमटा, एक. यंत्राची छापील पट्टी, एक. नोंदवही, एक. मी पेन उचललं आणि खाली पाचवी ओळ लिहिली: स्टीलचा पेला, एक, चौकशी अधिकाऱ्याच्या वापरातला; खुलासा सोबत जोडला आहे. तिला वाचता यावं म्हणून कागद तिच्याकडे फिरवला.

तिने उभ्यानेच वाचला. मग किटली टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. मला वाटलं, गेली. चहाच्या खोलीतून भांड्यांचा आवाज आला, मावशी काहीतरी म्हणाल्या, ती काहीतरी म्हणाली. परत आली तेव्हा तिच्या हातात फळीवरचे दोन फुलाफुलांचे कप होते.

तिने ते माझ्यासमोर ठेवले, खुर्ची ओढली आणि बसली.

"आता ओता, सर," ती म्हणाली.